चकचकीत न्हाणी

सातवीतून शाळा सोडून मी पुण्यात फरशी बसवायला लागलो. आपल्याला काही कळतं तर एवढंच, असा माझा समज होता. मागच्या दिवाळीला गावी, सास्तूरला गेलो, तेव्हा आईच्या न्हाणीतली खरबरीत शहाबादी उपटून चकचकीत टाइल्स बसवल्या आणि सगळी गल्ली बोलावून दाखवल्या.

महिनाभरात आई त्या टाइल्सवरच घसरली. खुब्याचं हाड मोडलं. शेजारच्या काकूंनी तिला जीपमध्ये घालून सोलापूरला नेलं. ते उपकार फिटायचे नाहीत. ऑपरेशनला जेवढे पैसे गेले, तेवढे कमवायला मला वर्षभर लोकांच्या न्हाण्या चकचकीत कराव्या लागतात.

दवाखान्यात गेलो तर मान वर होईना. आईच म्हणाली, "लई झ्याक फरशी बसवलीस बाबा. माझं तोंड दिसत व्हतं तिच्यात. तेच बघत व्हते."

आठवड्यानं तिनं वॉकर धरून पहिली चार पावलं टाकली. ती पुन्हा पडेल या धास्तीनं मी दोन्ही हात पसरून मागं चाललो होतो. ती थांबली आणि म्हणाली, "तू जरा लांब हो. तुझा भरोसा न्हाय."