होणाऱ्या व्याह्यांची पत

पाईप आणि पाण्याच्या मोटारी विकणाऱ्या एका घाऊक दुकानात मी कामाला आहे. गावोगावचे दुकानदार आमच्याकडून उधारीवर माल नेतात. कुणाला किती उधारी द्यायची हे ठरवण्याआधी त्या माणसाची चौकशी करणं हे माझं काम. जीएसटी वेळेवर भरतो का, दिलेले चेक वटतात का, कोर्टात काही भानगड आहे का, बाजारातले दुसरे घाऊकवाले त्याच्याबद्दल काय बोलतात. मग एकदा प्रत्यक्ष दुकानात जाऊन यायचं. माणसं हसून चहा पाजतात आणि माझी पाठ वळली की नक्की शिव्या देत असणार.

देवगाव रंगारीच्या एका दुकानाची फाईल टेबलावर आली तेव्हा मी डबा खात होते. दुकानाचं नाव ओळखीचं नव्हतं. आधारकार्डाच्या झेरॉक्सवर सहसा कुठलाच माणूस ओळखू येत नाही, पण त्या झुपकेदार मिशा बघून माझा घास तोंडातच राहिला. मागच्याच रविवारी हा माणूस आमच्या मुकुंदवाडीच्या घरी पोहे खाऊन गेला होता, माझ्या धाकट्या बहिणीला मुलासाठी बघायला. मुलगा शहरात नोकरीला होता, बहिणीला तो आवडला होता आणि आई साखरपुड्याच्या तयारीलाही लागली होती. मी ‘पाईपच्या दुकानात अकाउंटला’ आहे, एवढंच आईनं त्यांना सांगितलं होतं. कुठल्या दुकानात, ते त्यांनी विचारलं नव्हतं.

जीएसटी व्यवस्थित होता. बँकेचे कागदही स्वच्छ. मग सवयीनं कोर्टाच्या साईटवर नाव टाकलं, आणि कन्नडच्या कोर्टातली एक केस समोर आली. चेक परत गेल्याची. आरोपीचं नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच. बापाचं नाव तेवढं लिहिलेलं नव्हतं. आमच्या धंद्यात याहून वाईट खूण नाही. अशा माणसाला आम्ही दारातूनच नमस्कार करतो.

मी फाईल घेऊन मालकांकडे गेले. मालक साठी ओलांडलेले, पिढीजात व्यापारी, नमाजाची वेळ सोडली तर दिवसभर गल्ल्यावर बसणारे.

“साहेब, ही फाईल मला नको. या घरात माझ्या बहिणीचं ठरतंय.”

“अरे वा, मुबारक! मग तोंड असं का पाडलंस?”

मी केस दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली.

“घरी बोललीस?”

“नाही. तुमच्या कामात कळलेली गोष्ट घरी कशी सांगू?”

“आणि नाही सांगितलीस तर बहिणीचं काय?”

 त्यांनी चष्मा काढला आणि फाईल मिटवली.

“बेटा,” मग म्हणाले, “कागदाला काय विचारत बसलीस? माणूस जिवंत आहे ना? जा, त्यालाच विचार. उधारी द्यायची की नाय ते मी ठरवतो. तू फक्त बघून ये आणि बघितलं ते सांग. रिश्तेदारी बाजूला ठेव.”

त्या संध्याकाळी बहीण दोन ब्लाउजपीस खांद्यावर टाकून माझ्यापुढे उभी राहिली. कुठला चांगला दिसतो? मी न बघताच बोट दाखवलं. आईनं विचारलं, काय झालं गं? डोकं दुखतंय म्हणाले, आणि मग खरंच दुखायला लागलं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं देवगावला गेले. सगळा रस्ता मी एकच वाक्य मनात घोळवत होते आणि दर वेळी ते जास्तच वाईट वाटत होतं. दुकान बाजाराच्या रस्त्यालाच होतं. मुलाचे वडील, म्हणजे काका, ठिबकच्या नळीचं वेटोळं सोडवत बसले होते. मला बघून गडबडीनं उठले.

“ताई? तुम्ही हिकडं कुठं?”

“काका, घरची म्हणून नाही आले. तुम्ही उधारीवर माल मागितलाय ना, त्या दुकानातून आलेय.”

ते मोठ्यानं हसले. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं तसं हसू थांबलं. त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. मी माल बघितला, गिऱ्हाइकं बघितली, ठरलेले प्रश्न विचारले. सगळं ठीक होतं. मग मात्र टाळता येईना.

“काका, कन्नडच्या कोर्टात तुमच्या नावावर चेकची केस आहे.”

मला वाटलं, चिडतील. नाहीतर नजर चुकवतील. त्यांनी कपाळावर हात मारला.

“ते व्हय! बसा, आलोच.”

रस्ता ओलांडून ते समोरच्या हॉटेलात गेले आणि एका उंच माणसाला हाताला धरूनच घेऊन आले. त्याच्या चपलांना सिमेंट लागलेलं होतं.

“ह्यांना तुझं नाव सांग.”

त्यानं सांगितलं. तेच नाव, तेच आडनाव.

“आता बापाचं सांग.”

ते वेगळं होतं.

“माझीच हाय ती केस, मॅडम,” तो माणूस जराही न लाजता म्हणाला. “टायरवाल्याला दिलेला चेक परत गेला. आता मिटवायचं चाललंय.” वकिलाचा मेसेज त्यानं मोबाईलवर दाखवला. केसचा नंबर माझ्याकडच्या नंबराशी तंतोतंत जुळला. “ह्याच्या सोयऱ्यांच्या पत्रिका माझ्या घरी येत्यात, अन् माझ्या नोटिसा ह्याच्या घरी. गावात आमचं नाव लई स्वस्त हाय.”

मला हसू फुटलं आणि ते काही केल्या थांबेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा काकांनी घाबरून पाण्याचा तांब्या पुढं केला. सकाळपासून आपण काहीच खाल्लेलं नाही हे तेव्हा लक्षात आलं. दुकानाच्या मागंच घर होतं. काकूंनी बळंच जेवायला बसवलं. बाजरीची गरम भाकरी आणि वांग्याची भाजी. मी मागून मागून खाल्लं.

“खरं सांगू का ताई?” काका हळूच म्हणाले. “आम्हीबी तुमची चौकशी केलीय. तुमच्या गल्लीतल्या किराणावाल्याकडं जाऊन आलो.”

“काय म्हणाला तो?”

“म्हणला, महिन्याचं बिल कधी मागंपुढं होतं, पण थोरली पोरगी आधी येऊन सांगून जाती. मी हिला म्हणलं, बास, आपल्याला एवढंच पायजे होतं.”

माझे कान गरम झाले. इतकी वर्षं मी लोकांची पत बघत हिंडतेय, पण आमच्या गल्लीत कुणीतरी आमची बघत असेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मालकांनी माझं सगळं ऐकून घेतलं, स्वतः आणखी दोन ठिकाणी फोन केले आणि काकांनी मागितली होती त्यापेक्षा थोडी कमी उधारी मंजूर केली. “सोयरीक वेगळी, धंदा वेगळा,” म्हणाले, आणि ती फाईल कायमची आपल्याकडे ठेवून घेतली. कमी उधारीचं काकांना काही वाटलं नाही.

बहिणीला मी हे सगळं सांगितलं ते लग्नाच्या आदल्या दिवशी. दोन्ही हातांना मेंदी लावून ती भिंतीला टेकून बसली होती.

“आणि केस त्यांचीच निघाली असती तर?” तिनं विचारलं.

“तर तुला सांगितलं असतं.”

“तुझ्या नोकरीचं काय?”

“ते नंतर बघितलं असतं.”

“मग मी काय केलं असतं गं?”

“ते तुझं तू ठरवलं असतंस.”

तिनं मेंदीचे हात जपून गुडघ्यांवर ठेवले. “बरं झालं बाई, ठरवायची वेळ नाही आली,” म्हणाली आणि तोंड पुढं करून बसली. “नाकाला खाज सुटलीय. जरा खाजव ना.”