गिटारीच्या खाचेतलं बिडीचं पान

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दोरा धरणं. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या, मधे गिटार. आणि त्या दोऱ्यावरनंच आमचं भांडण झालं. बाकीचे लोक आपापल्या बायकोचं सांगतात, शेवटी तिनं माझा हात हातात घेतला, डोळे भरून बघितलं. आमचं तसलं काही झालं नाही. तिनं मला खोटारडा म्हटलं आणि कळशी घेऊन नळावर गेली.

गिटार आमच्या घरात कशी आली, ते आधी सांगायला पाहिजे. मी निपाणीतला बैलगाड्यांचा सुतार, शाळा चौथीपर्यंत. ती बिड्या वळायची. आमच्या घरात वाजणाऱ्या वस्तू दोनच, रेडिओ आणि तिचं तोंड.

एका वर्षी उरसाला ऑर्केस्ट्रा आलता. गिटारवाल्याचे केस खांद्यापर्यंत, पँटीचे पाय घागऱ्याएवढे. सगळ्या बाया गाणारीची साडी बघत होत्या, आणि ही त्या गड्याची बोटं बघत बसली. घरी येताना म्हणाली, "माझ्यापरास हळू चालत्यात त्याची."

दिवसाला हजार बिड्या वळणारी बाई, खोटं कशाला म्हणू. मग म्हणाली, एकदा हातात घेऊन बघायला पायजे. वीस वर्षांच्या संसारात तिनं मागितलेली ही पहिली वस्तू, आणि तीपण असली. मी म्हटलं, त्यापेक्षा हत्ती माग, तो तरी कुठं मिळतो ते मला ठाऊक आहे.

पुढच्या उन्हाळ्यात बेळगावला कॅम्पात एका मिलिटरी सायबाच्या घरी कपाटं दुरुस्त करायला गेलतो. त्यांची बदली झालेली, बांधाबांध चालली होती. त्यांच्या जावयानं परदेशातनं एक पेटी आणलेली, आत सुट्ट्या भागांची गिटार. आपल्या हातानं जोडायची आणि वाजवायची. जावयानं दोन दिवस हौस केली आणि पेटी पलंगाखाली सारली. बाईसाहेब म्हणाल्या, ले जाओ, लकडी अच्छी है. लाकूड खरंच चांगलं होतं. मला वाटलं, दोन पाट होतील. बसमध्ये कंडक्टरनं कन्नडमध्ये विचारलं, आत काय आहे. मी सांगितलं, पाट.

घरी पेटी उघडली तशी तिनं मांडीवरचं पानांचं सूप बाजूला ठेवलं आणि उठली. बिड्या वळताना ती देवाच्या आरतीलाही उठत नव्हती. पाटांचा विषय तिथंच संपला.

पेटीत एक लाकडाचं अंग होतं, दोन शिंगांचं, एक शिंग मोठं, एक बारकं. लांब मान, तिच्यावर बारीक लोखंडी पट्ट्या. मान बसवायला अंगात एक चौकोनी खाच. तारा ज्याच्यावर टेकतात तो ठोकळा वेगळा. सतारवाले त्याला घोडी म्हणतात. सोबतीला एक कागद, त्यावरची अक्षरं ना मराठी, ना कन्नड. चित्रं बघून कामाला लागलो.

गाडीच्या सुताराला एकच ठाऊक. गाडीच्या तळाची साटी असो नाहीतर जू, दोन्ही कडा मोजायच्या आणि मधोमध खूण मारायची. मी गिटारीच्या दोन्ही कुशी मोजल्या, मध्य काढला, घोडी ठोकली, तारा चढवल्या. सगळ्या तारा एका अंगाला गेल्या. सगळ्यात बारकी तर मानेवरनं खाली उतरून हवेत लोंबायला लागली.

"गाडी गटारीत चाललीया," ती म्हणाली.

मी म्हटलं, मोजून मारलंय. ती म्हणाली, अंगाकडनं काय बघताय, अंग जाणूनबुजून वाकडं केलंय त्यांनी, मानेकडनं बघा. तिनं बिडीचा दोरा तोडला. मानेच्या एका कडेला लावून पार अंगावरनं खाली नेला, तसाच दुसऱ्या कडेला. दोन दोऱ्यांच्या मधे जो मध्य निघाला, तिथं घोडी पाहिजे होती. माझ्या खुणेपासनं बोटभर लांब. रेघ कुठनं मारायची ह्यावरनं आमच्या मुलखात सरकारंसुद्धा भांडतात, पण माझ्या घरात ते एका बिडीच्या दोऱ्यानं मिटलं. जुन्या भोकांत बाभळीच्या खुंट्या मारल्या आणि नवीन भोकं पाडली.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं गिटारीच्या पोटातल्या वायरींना डाग देऊन ती आमच्या रेडिओच्या मागं जोडून दिली. पहिला आवाज आला तो म्हैस अडल्यासारखा. ती खूश. रोज बिड्या देऊन आली की अर्धा तास बसायची, पाय पसरून, सुपासारखी गिटार मांडीवर घेऊन. एकेक सूर हुडकायची. शेजारीण म्हणाली, वयाला शोभतंय का. हिनं रेडिओचा कान पिळून आवाज वाढवला.

एकच खोट राहिली. बारकी तार शेवटच्या पट्ट्यांवर दाबून जरा ओढली की कडेवरनं घसरायची, आणि सूर मरायचा. तिला तिथलाच सूर पाहिजे होता. ऑर्केस्ट्रावाला तिथंच तार ओढून रडवत होता म्हणे.

खोट कशानं आली, ते मला पहिल्या दिवसापासनं ठाऊक होतं. मान खाचेत बसेना, रंगाचा थर जाड होता. दुसऱ्यानं पॉलिशपेपर मारला असता. मी पटाशी लावली आणि एका अंगाला जास्तच तासलं. ती तेव्हा बिड्या द्यायला गेलती. मी गुपचूप मान बसवली, चार स्क्रू आवळले आणि गप्प बसलो. तारांचा ताण आला की मान केसभर कलायची.

त्या शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही परत दोरा धरला. ती म्हणाली, मान खाली गेलीया. मी म्हटलं, तुझी नजर खाली गेलीया. तिनं वाद घातला नाही. सरळ तारा उतरवल्या, डिसमिस घेऊन चारी स्क्रू काढले, मान बाजूला ठेवली आणि खाचेत नख फिरवलं.

माझ्या पटाशीच्या धारेला एक बारीक खांडा पडलेला. ती जिथं फिरेल तिथं लाकडावर एक रेघ उठून राहायची. आमच्या पाटांवर ती रेघ, चौकटीवर ती रेघ, लेकीच्या पाळण्यालाही तीच. ह्या बाईनं वीस वर्षं ती रेघ फडक्यानं पुसलेली.

"तासलं कुणी हे?" तिनं विचारलं.

"फॉरेनवाल्यांनी तसंच पाठवलंय."

"फॉरेनवाल्यांनी तुमची पटाशी नेलती व्हय?"

मी म्हटलं, पटाशी मी लावलीच नाही. ती म्हणाली, बिडीचं पान घ्या, दोन घड्या करून ह्या अंगाला घाला, मान सरळ हुईल. मी म्हटलं, माझ्या सांध्यात पान? मी काय बिडी वळतोय?

"खोटारडं माणूस," ती म्हणाली आणि कळशी उचलली.

नळावरच्या बायांनी सांगितलं, ती कळशी नळाखाली लावून शेजारच्या कट्ट्यावर बसली. कळशी भरून वाहायला लागली तरी उठली नाही. डॉक्टर आला आणि आम्हांला दिसत होतं तेच त्यानं सांगितलं. हृदय म्हणाला. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. माणसाला वाटेला लावायला आमची भावकी लई चपळ. एरवी लग्नाला चार चार तास उशिरा येतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बाहेर सोप्यात बसलेले. मी आत गेलो. बाजेवर गिटार तशीच पडली होती, मान एकीकडं, अंग एकीकडं, तिच्या हातातला दोरा वर गुंडाळी होऊन. सूप कोपऱ्यात होतं. तिनं कापून ठेवलेली पानं कडांना वाळायला लागली होती. एक घेतलं, दोन घड्या केल्या, तिच्या कात्रीनं कडा मारली. सगळं घेऊन सोप्यात आलो, उजेड तिथंच होता.

चुलता म्हणाला, "सुतकात वाजवतोस व्हय रं?"

"वाजवत न्हाय. बसवतोय."

पान खाचेत घातलं, तिनं दाखवलेल्या अंगाला. मान बसवली. चारी स्क्रू आवळले. बारकी तार चढवली, ताणली, शेवटच्या पट्टीवर दाबून ओढली. घसरली नाही. परत ओढली, जरा जास्त. तार कडेच्या आतच राहिली. रेडिओ न लावताही बारीक सूर निघाला, आणि चुलत्यानं मान फिरवली.

तिचा थोरला भाऊ माझ्या शेजारी बसला होता. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता बिचाऱ्याचा. मी त्याला म्हटलं, "पटाशी मीच लावलीती."

त्याला कशातलं काय कळणार. त्यानं माझ्याकडं बघितलं, गिटारीकडं बघितलं.

"असू दे, दाजी," तो म्हणाला आणि चहाचा पेला माझ्यापुढं सरकवला.