एका डोळ्यावर पट्टी लावून कोल्हापूर

कोल्हापूरला जायचं ठरलं ते मुग्धामुळे, आणि मुग्धाच आली नाही.

"तुम्ही तिघं कुठंतरी जाऊन या," एका रविवारी दुपारी ती म्हणाली. समोर आमची पाच वर्षांची रेवा टेबलाखाली लपून बसली होती आणि मुग्धाच्या हातात डोळ्यावर चिकटवायची पट्टी होती. "मला तीन दिवस हिच्यासाठी वाईट माणूस व्हायचं नाहीये."

थोडं सांगतो. रेवाला चष्मा आहे आणि तिचा डावा डोळा कमजोर आहे. मेंदू चांगल्या, उजव्या डोळ्यावरच भिस्त ठेवतो आणि डावा नुसताच उघडा राहतो. उपाय असा की रोज काही तास उजव्या डोळ्यावर पट्टी लावायची, म्हणजे डाव्याला काम करावंच लागतं. तेवढ्या वेळात तिनं जवळचं, बारीक काहीतरी करावं: मणी ओवणं, रंगवणं, निवडणं. डॉक्टर म्हणाले होते, "वय लहान आहे तोवर डोळा ऐकतो. खाडे करू नका." आम्ही काय केलं, तर पट्टी लावली की हातात मोबाईल दिला. महिन्याभरात रेवाला कळलं की पट्टीची किंमत मोबाईल आहे, आणि मग मोबाईल देऊनही पट्टी नको झाली. हे सगळं घडायचं दुपारी, मुग्धासमोर. मी ऑफिसातून येईपर्यंत पट्टी निघालेली असायची आणि मी लाडका बाबा असायचो.

म्हणून जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी मी, रेवा आणि अडीच वर्षांचा निनाद गाडीत बसलो. कोल्हापुरात राजारामपुरीत माझी आतेबहीण वंदाताई राहते. निघताना मुग्धानं पट्ट्यांचं पाकीट माझ्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाली, "खाडा नको."

लहान मुलांना घेऊन पुण्याहून निघणार असाल तर पहाटेच निघा. खंबाटकी ओलांडेपर्यंत मुलं झोपेत असतात. पुढे महामार्गाचं काम जागोजागी चालू आहे, वळणं घ्यावी लागतात, तेव्हा एरवीपेक्षा तासभर जास्त धरा. मी मोठ्या हौशीनं एक पिशवी भरली होती: मणी, स्टिकर, चिकणमाती, चित्रांची पुस्तकं. मणी साताऱ्याच्या अलीकडेच सीटखाली गेले. पुस्तक बघता बघता रेवाला मळमळलं. चालत्या गाडीत पट्टी, पुस्तक, मोबाईल यांतलं काहीच चालत नाही हे मला तिथं कळलं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून आधीच समजून घ्या.

चाललं ते खिडकीबाहेरचं. ऊसतोडीचे दिवस होते. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसले की ओरडायचं, एवढाच खेळ. मोठं गाणं लावलेला ट्रॅक्टर असेल तर निनाद सीटमधल्या सीटमध्ये नाचायचा. कराडच्या पुढे एका साध्या हॉटेलात इडली आणि दहीभात खाल्ला. तिथं मागच्या अंगणात मोकळी जागा होती, ती मला जेवणापेक्षा महत्त्वाची वाटली. मुलं पंधरा-वीस मिनिटं कोंबड्यांमागे धावली आणि पुढचा सगळा रस्ता शांततेत गेला.

वंदाताई दारातच उभी होती. पन्नाशीची, ठणठणीत, आवाज पहिल्या मजल्यावरून रस्त्यापर्यंत जाणारा. "आलासा का? जेवलासा का? पोरं किती वाळल्याती," हे तिनं एका दमात विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पानं घेतली. पांढरा रस्सा मुलांना चालतो. तांबडा नाही. ताईनं त्यांच्यासाठी तिखट घालायच्या आधीच वाटीभर बाजूला काढून ठेवला होता. हॉटेलातही हे आधी सांगितलं तर करून देतात, फक्त आधी सांगायचं.

जेवण झाल्यावर मी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं रेवाला पट्टी लावली. ती पळाली, मी पकडली, ती रडली, मी लावली. पट्टी भुवईवर चिकटली आणि काढून पुन्हा लावताना चार केस आले. रेवानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मुग्धा रोज दुपारी बघते.

संध्याकाळी पट्टी असतानाच आम्ही रंकाळ्यावर गेलो. कोल्हापुरात मुलांना घेऊन कुठं जायचं हा प्रश्न पडला तर रंकाळा हे सोपं उत्तर आहे. पाण्याकडेला चालायला रस्ता आहे, भेळेच्या गाड्या आहेत, उड्या मारायला जागा आहे. रेवा मात्र माझा हात सोडेना. भेळ घेताना शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी तिला निरखून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "पावणं, पोरीच्या डोळ्याला काय झालं?"

"काही नाही, लागलंय जरा," मी म्हणालो. पुण्यात मी हेच सांगायचो. बोलणं तिथंच संपतं.

रेवानं मान खाली घातली. वंदाताईनं भेळेचा घास गिळला आणि म्हणाली, "लागलं न्हाय. तिचा ह्यो डोळा आळशी हाय. म्हणून दुसरा झाकून ह्याला कामाला लावलाय. आपल्या पोरांस्नी लावतोय की तसं."

"आसं व्हय," त्या बाई म्हणाल्या. "बरं हाय की मग. डोळ्याला तरी काम लागलं." आणि त्यांनी स्वतःच्या भेळेतली कुरकुरीत पुरी रेवाच्या द्रोणात ठेवली.

परतताना रेवा ताईला विचारत होती की डोळा आळशी असतो म्हणजे तो झोपतो का. ताई सांगत होती की झोपत न्हाय, नुसता बसतोय. मी मागून निनादला खांद्यावर घेऊन चालत होतो. त्या आजाराचं नाव मी वाचलं होतं, उपचार वाचले होते, पण हे रेवाला कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. आम्ही तिच्यापुढं हळू आवाजात बोलायचो.

घरी पोचलो तर दाजी आले होते. वंदाताईचे यजमान कबनूरला यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब बघतात, रोज जाऊन-येऊन करतात. त्यांनी मुलांसाठी पोतंभर खेळणी आणली होती: सूत संपलेले कागदी कोन. एकावर एक रचायचे, पाडायचे, टोपी घालायची, भोंगा करून ओरडायचं. पुण्यात माझ्या घरी दोन कपाटं भरून खेळणी आहेत. त्या कोनांनी मुलांना जेवणापर्यंत गुंतवून ठेवलं.

घोटाळा दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. मी अंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर निनाद अत्यंत समाधानानं कोनांच्या रांगेसमोर बसला होता. प्रत्येक कोनाला त्यानं एकेक डोळा चिकटवला होता. पट्ट्यांचं सगळं पाकीट संपलं होतं. एक पट्टी दाजींच्या चपलेवरही होती.

रविवार. राजारामपुरीत दवाखान्यांना आणि चष्म्याच्या दुकानांना तोटा नाही, पण निम्मी बंद होती. दोन्ही मुलांना रिक्षात घेऊन मी गल्ल्यांमागून गल्ल्या फिरलो. जिथं उघडं होतं तिथं मोठ्या माणसांच्या मापाची पट्टी होती किंवा "मागवून देतो, दोन दिवसांनी या." रिक्षावाल्या मामांनी आपणहून आणखी दोन दुकानं दाखवली. तिथंही नव्हती. पट्टी टळतेय म्हणून रेवा खुशीत असेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "आता डोळा पुन्हा बसणार का?"

मी मुग्धाला फोन केला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. मग म्हणाली, "दवाखान्याचा तातडीचा नंबर आहे, त्यावर विचार. मी फोन करत नाही. तूच कर."

मी नंबर लावला. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं की एक-दोन दिवस चष्म्याच्या काचेवर कापडी खोळ घातली तरी चालेल. फक्त मुलं वरून, बाजूनं बघतात. बघितलं की उपयोग नाही.

वंदाताईनं दाजींनी कधीतरी कारखान्यातून आणलेल्या कापडाच्या तुकड्यांतला एक जाड सुती तुकडा घेतला आणि रेवाला मांडीवर बसवून माप घेत खोळ शिवली. कडेला रुंद झालर ठेवली. तरी फट राहिलीच. चिकटपट्टी माणसाला बांधून ठेवते. ही खोळ तसं करणार नव्हती. रेवानं न बघायचं ठरवलं तरच ती कामाची होती, आणि ती पाच वर्षांची होती.

त्या दिवशी ठरल्याप्रमाणे आम्ही गारगोटीकडे निघालो. ताईचं सासर गारगोटीच्या जवळ आहे, शेती आहे, दोन म्हशी आहेत. कोल्हापूरहून गाडीनं दीड तास सहज लागतो, रस्ता बरा आहे, दोन्हीकडं ऊस. गारगोटीच्या बाजारात मुलांसाठी केळी आणि चुरमुरे घेतले. पाण्याच्या बाटल्या इथंच भरून घ्या, पुढे दुकानं तुरळक आहेत.

घरी ताईच्या थोरल्या जाऊबाई होत्या, ज्यांना सगळेच अक्का म्हणतात. अंगणात हरभऱ्याच्या हिरव्या डहाळ्यांचा ढीग होता आणि त्या घाटे तोडून सोलत बसल्या होत्या. घाटा म्हणजे हरभऱ्याची फुगीर शेंग, आत एखाद-दुसरा हिरवा दाणा. निनाद थेट म्हशींकडे गेला आणि ताई त्याच्यामागे. रेवा माझ्याजवळ उभी राहिली, चष्म्याला खोळ लावून.

"काय झालं गं डोळ्याला?" अक्कांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत रेवा म्हणाली, "हा डोळा आळशी आहे. त्याला काम पाहिजे."

"मग बस की हितं. काम लई हाय."

रेवा बसली. पहिले काही घाटे तिला सापडेचनात. हिरव्यात हिरवं. ती चेहरा डहाळीला चिकटवायची, पानच तोडायची, चिडायची. मी पुढं सरकलो तर अक्का म्हणाल्या, "पावणं, तुमी च्या घ्या." मी चहाचा कप उचलला. थोड्या वेळानं रेवाची मान हळूच वर झाली आणि खोळीच्या वरच्या फटीतून उजव्या डोळ्यानं तिनं ढीग बघून घेतला. माझ्या लक्षात आलं, अक्कांच्याही आलं.

"बघावं वाटलं तर बघ," अक्का हातातलं काम न थांबवता म्हणाल्या. "पर मला सांगायचं, बघितलं म्हणून. मग आपुन परत चालू करायचं."

रेवा विचारात पडली. काही घाटे झाल्यावर म्हणाली, "अक्का, मी आत्ता बघितलं."

"बरं. कर परत चालू."

आणखी थोड्या वेळानं, "पुन्हा बघितलं."

"बरं."

त्यानंतर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. निनाद वैरणीवर झोपून गेला होता. मी दोनदा जाऊन त्याच्या अंगावरची कुसळं झटकून आलो. परत आलो तेव्हा रेवाची बोटं हिरवी झाली होती आणि हरभऱ्याच्या पानांवर असते त्या आंबट आंबेनं खाजत होती, आणि ती सरळ हात घालून घाटे काढत होती. चेहरा आता डहाळीला चिकटलेला नव्हता. फार मोठं काही झालं नव्हतं. पण घरी पट्टीचा एक तास काढायला मुग्धाला घाम फुटायचा, आणि इथं दुपार संपली तरी तिनं किती वेळ झाला हे विचारलं नव्हतं.

त्या सोलाण्यांची, म्हणजे सोललेल्या हिरव्या दाण्यांची, आमटी झाली. रेवानं ज्याला त्याला सांगितलं की ह्यातले माझे कुठले ते ओळखा. कुणाला ओळखता आले नाहीत. भाकरी चुरून तिनं दोन वाट्या खाल्ल्या, मोबाईलशिवाय. ही गोष्ट मी मुग्धाला कळवली तेव्हा तिनं उलट विचारलं, "खाजलं का बोटांना? खोबरेल लाव."

रात्रीच कोल्हापूरला परतलो आणि सोमवारी सकाळी सात-साडेसातला अंबाबाईचं दर्शन घेतलं. मुलं असतील तर याच वेळेला जा, रांग पुढे सरकत राहते. मग निघालो. ताईनं डहाळ्यांची एक जुडी गाडीत टाकली. परतीच्या रस्त्यावर निनाद वांती करून झोपला, रेवा ट्रॅक्टर दिसला की ओरडत राहिली, आणि कराडनंतर दोघंही भांडली. तीन दिवसांत मुलं बदलतात असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

घरी आल्यावर बदलली ती आमची वेळ. मी साहेबांशी बोलून आठवड्यातले दोन दिवस घरून काम मागून घेतलं. आता पट्टी संध्याकाळी लागते, स्वयंपाकघरात, सगळ्यांच्या समोर. रेवा मटार सोलते, लसूण सोलते, मेथी निवडते आणि देठंही भाजीत टाकते. कधी बटणं ओवते. काही दिवस ती काहीच करत नाही आणि भांडते, तेव्हा मोबाईल निघतो. आम्ही तेही लपवत नाही.

तपासणीला आम्ही चौघं गेलो. डाव्या डोळ्यानं ती तक्त्यावरची आणखी एक ओळ वाचू शकली. डॉक्टर म्हणाले, "चांगलं आहे. अजून बरेच महिने लागतील." आम्ही मान डोलावली. खाली उतरताना मुग्धा जिन्याच्या पायरीवरच बसली आणि पर्समध्ये रुमाल शोधत राहिली. मी निनादला घेऊन शेजारी बसलो. खालून येणाऱ्या लोकांनी आम्हाला वळसा घातला.

त्या संध्याकाळी पट्टीची वेळ झाली तेव्हा मी पाकीट घेऊन तयार उभा होतो. रेवानं ते माझ्या हातातून घेतलं, कणीक मळणाऱ्या मुग्धाजवळ गेली आणि चष्मा काढून चेहरा वर करून उभी राहिली.

"तू लाव," ती म्हणाली. "बाबा केस ओढतो."

मुग्धानं पिठाचे हात धुतले, पदराला पुसले, आणि लावली.