मामींच्या मापाचा ओटा

माझा मामा शिंपी. समोरून रस्त्याने जाणाऱ्या माणसाची छाती-कंबर तो मशीनवर बसल्या बसल्या सांगायचा.

वादळात एका घराचं छप्पर उडालं, मागची भिंत कलली. मालक कंटाळून मिळेल त्या भावात ते काढायला निघाला आणि मामाने घेतलं. नीट करायचं, चढ्या भावाने विकायचं. "उसवलेला कोट आहे रे," मला म्हणाला, "अस्तर बदललं की नवा." भिंत सांधणाऱ्या गवंड्यालाही त्याने बजावलं, "टाके दिसता कामा नयेत!" गवंडी माझ्याकडे बघत राहिला.

मामींचा सगळा संसार दुकानामागच्या एका खोलीत. उंची बेताची, त्यामुळे तिथल्या ओट्याशी त्या पाटावर उभ्या राहून स्वयंपाक करायच्या. या घराच्या स्वयंपाकघराला दोन खिडक्या. त्या बघून म्हणाल्या, "अहो, इथेच राहू या का आपण?"

"गिऱ्हाइकाचा कपडा आपण अंगाला लावतो का?"

हा मामाच्या दुकानाचा कायदा. मामी त्यानंतर झाडायला-पुसायला यायच्या, पण प्यायचं पाणीसुद्धा खोलीवरून आणायच्या.

गवंड्याने ओट्याची उंची विचारली, तेव्हा मामाने टेप काढलीच नाही. हवेत हात धरला. "एवढी."

घर झकास झालं. बघायला येणारे छपरावर खूश व्हायचे आणि ओट्याशी येऊन अडायचे. एक उंच बाई तर म्हणाल्या, "हा काय बाहुलीसाठी केलाय?"

मी हसलो. मामा हसला नाही. मामी ओटा पुसत होत्या. पायाखाली पाट नव्हता, खांदे चढलेले नव्हते. जिथल्या तिथे बसला होता ओटा.

"मामा, राहू दे की हे घर," मी हळूच म्हणालो.

त्याने तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात मामीच त्या बाईंना म्हणाल्या, "उंच करून घेता येईल हो. त्यात काय एवढं!"

घर विकलं गेलं. नफाही झाला म्हणतात. मध्यंतरी त्याने खोलीतला ओटा फोडून खाली घ्यायचं काढलं, तर मामी म्हणाल्या, "आता कशाला? सवय झालीय."

मग त्याने पाटावर घालायला एक छोटी गादी शिवली. अगदी मापात बसलीय.

"मऊ आहे हो," मामी म्हणतात. मामा मशीनवरून मान वर करत नाही.