बाबांनी कालवलेली माती

आई गेली आणि बाबांना आम्ही नोएडाला आणलं. आणलं हाच शब्द खरा. आपण होऊन ते कधीच आले नसते. तेव्हा तिकडे मेट्रो पोचायची होती. आमच्या सोसायटीचे अर्धे टॉवर उभे होते, अर्ध्यांचे नुसते खांब, आणि भोवती गव्हाची शेतं कापून पाडलेले प्लॉट. घरोघरी नवी गाडी, नवा फ्रीज आणि मनात येईल तेव्हा जाणारी वीज. आपण प्रगती करतोय, असं सगळे एकमेकांना सांगत होते.

बाबांचा जन्म कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवण्यात गेला होता. निवृत्तीनंतरही लोक पिशवीत माती घेऊन दारात यायचे, आणि बाबा ती बोटांत मळून, हुंगून, तिला काय हवंय ते सांगायचे. ते बाबा आमच्याकडे आल्यावर गॅस चालू ठेवून बाल्कनीत जाऊन बसले. मजला विसरून खालच्या घराची बेल वाजवत राहिले. बायको म्हणायची, "दुःख आहे हो, ओसरेल." मी मान डोलवायचो, पण पटायचं नाही. हे दुःख आहे की डोकंच कामातून चाललंय, एवढं एकच मला कळायला हवं होतं. दुःखी माणूस आवडीच्या कामाला लागला की सावरतो, असा माझा हिशेब. म्हणून मी माशांची टाकी आणली.

सोबत निळे खडे आणि प्लॅस्टिकची झुडपं होती. बाबांनी ती पाहिली आणि कित्येक महिन्यांनी त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी दिसली.

"हा काय पोरखेळ? झाडं खरी लावायची. आणि खडे घालून काय होणार? मुळांनी खायचं काय?"

मला इतका आनंद झाला की ऑफिसला उशीर झाला तरी मी तसाच उभा राहिलो.

बिल्डरने पायासाठी खणलेल्या खड्ड्यांपाशी शेताची वरची माती ढिगाने पडलेली असे. ती कुणालाच नको होती. बाबांनी तिथून घमेलंभर उचलून आणली. ती बादलीत भिजवायची, वर तरंगणारा काडीकचरा काढायचा, गढूळ पाणी ओतून द्यायचं, मग गच्चीवर पसरून कडक वाळवायची, चाळायची, आणि पुन्हा भिजवायची. कच्चं शेणखत मातीत राहिलं तर ते काचेत सडतं आणि पाणी नासतं, म्हणून हा सगळा खटाटोप. गच्चीत सुकणारी माती बघून गार्ड म्हणाला, "अंकल जी, गमले के लिए?" बाबा म्हणाले, "मछली के घर के लिए." तो बिचारा दोन पावलं मागे सरकला. नोएडात लोक मातीवर टाइल्स घालायला आले होते, ती धुवायला नव्हे.

त्या दिवसांत बाबा एकदाही गॅस विसरले नाहीत. जेवताना मला शिकवायचे, अगदी वर्गात शिकवल्यासारखं. या मातीत गाळ आहे, वाळू आहे, पण चिकणमाती कमी. चिकणमाती नसेल तर पोषण पाण्यात सुटून जाईल, मुळांच्या हाती काही लागणार नाही. "शाडूसारखी माती मिळाली असती तर बघायलाच नको," ते म्हणाले.

शाडू घरातच होती. गणपती दीड दिवसाचा. मूर्ती बायकोने पुण्याहून रेल्वेने, सगळा प्रवास मांडीवर धरून आणलेली. इथल्या हिंडन नदीचं पाणी काळं, त्यात बाप्पाला कोण सोडणार? म्हणून विसर्जन बादलीत. एरवी ते पाणी आणि माती तुळशीला जाई. यंदा बाबांनी मागून घेतली. बायको तर हरखूनच गेली. बाप्पा वर्षभर घरातच राहणार. मूर्तीचा रंग आधी खरवडून काढावा, हा विचार आमच्या घरात कुणाच्या मनात येणं शक्यच नव्हतं. देवाच्या अंगाला सुरी लावायची?

मूर्ती विरघळली. बाकीचे रंग पाण्याबरोबर गेले, पण मुकुटाचा आणि दागिन्यांचा सोनेरी कण न कण मातीत चमकत राहिला. बाबांनी लगदा बोटांत मळला, उजेडात धरला आणि म्हणाले, "अभ्रक असल्यासारखी दिसते, नाही?" मग चाळलेल्या मातीत ती शाडू कालवली, टाकीच्या तळाला थापली, वर जाड वाळू पसरली. झाडं लागली. पाणी नितळ झालं. बाबांनी आम्हाला घाई करू दिली नाही; मुळं धरल्यावरच मासे सोडले. मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो की माझे वडील एकदम ठीक आहेत.

आधी झाडांबरोबर आलेल्या गोगलगायी मेल्या. मग मासे, एकेक करून, पृष्ठभागाशी तोंड वासत. पाणी बदललं तरी थांबेना. शेवटी बाबांनी बाही सारून टाकीत हात घातला, तळाची चिमूटभर माती काढली आणि खिडकीशी नेली.

"तांबं," ते म्हणाले. "सोनेरी रंगात तांब्याची पूड असते. माशांना ते विष." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे मला माहीत होतं रे. मी शिकवलंय हे. पोरांना परीक्षेत विचारलंय. त्या दिवशी ते गेलं होतं कुठे?"

बायको म्हणाली, "बाबा, कुणाच्याही लक्षात आलं नसतं." तिने चांगल्या मनाने म्हटलं होतं. पण बाबा म्हणजे ‘कुणीही’ नव्हते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मला त्या क्षणी टाकी फोडून टाकावीशी वाटली.

मग दिल्लीतल्या मोठ्या दवाखान्यात खेटे सुरू झाले. चित्रं ओळखायला लावली, घड्याळ काढायला लावलं. घड्याळाचे सगळे आकडे बाबांनी एकाच बाजूला काढले. डॉक्टर तरुण होते, बाबांसमोरच मला विचारू लागले, "ये भूलना कब से शुरू हुआ?"

मी उत्तर तयारच ठेवलं होतं. "माँ के जाने के बाद से. उसी का सदमा है—"

"नहीं," बाबा म्हणाले. आवाज वर्गातला, स्पष्ट. "उसके पहले से. इसको पता नहीं है. वो सँभाल लेती थी." मग माझ्याकडे वळून, मराठीत, हळू म्हणाले, "तिच्यावर ढकलू नकोस."