हिंग मळलेली कणीक

हिंगाची डबी उघडली, की मला इंदापूरकडचं उजनीचं थंडगार पाणी आठवतं. थंडीत मासा खोल बसतो आणि आमिष नुसतं चाटतो, म्हणून माझे चुलते गळाला हिंग मळलेली कणीक लावून, ऊन चढल्यावर तंगुसाची दोरी उघड्या बोटावर धरून बसायचे. त्या वर्षी मात्र शुगरनं त्यांची बोटं बधिर झाली होती. मासे कणीक खाऊन जात होते आणि त्यांना पत्ता लागत नव्हता. शेवटी दोरी माझ्याकडे देत ते म्हणाले, "जरा धर, पाय आखडल्यात." तेवढ्यात माझ्या बोटाला गुदगुली झाली. मी ओढलं नाही. "मला काय कळंना तात्या, तुमीच बघा," म्हणत घाईनं दोरी परत दिली. त्यांनी हिसका मारला आणि हातभर रोहू काठावर येऊन तडफडू लागला. "बोटं जागी हायत की तुमची!" मी म्हणालो. माशाच्या तोंडातला गळ सोडवत ते हसले. "बोटं न्हाईत रं, डोळं हायत. तुजं बोट हाललेलं दिसलं मला." आता त्यांची दोरी मी धरतो, माझ्या बोटाकडं बघायला शेजारी कुणी नसतं.