एका घरातून एक

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही. आई गेली, तिलाही माहीत नव्हती. बहिणीला एकदा सांगायला बसले होते, रायपूरच्या बुढापारा तलावाच्या कठड्यावर, भुट्टा खाता खाता. पण ऐन वेळी तिच्या नव्या साडीबद्दलच काहीतरी बोलले आणि विषय गेला. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, गल्लीत मला भेटणार नाही — एवढंच असेल. धाडस म्हणाल तर ते माझ्यात कधीच नव्हतं.

आधी माझी हुशारी सांगते. सगळं तिथूनच सुरू झालं ना.

रायपुरातल्या एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात मी कॉम्प्युटरवर बसते. वस्त्यावस्त्यांत तपासणीची शिबिरं लागतात, मोतीबिंदूवाले निघतात, त्यांची यादी माझ्याकडे येते. मी ती एक्सेलमध्ये घालते. त्या यादीतून ऑपरेशनची बोलावणी जातात. आठ वर्षांपूर्वी या यादीत एक कटकट होती : तोच माणूस दोन शिबिरांत जाऊन दोनदा नाव लिहून यायचा. गाडी दारात पाठवली की कळायचं, याचं तर मागच्याच महिन्यात झालं! साहेब वैतागले होते. मला म्हणाले, "वैशाली मैडम, नाम मत देखो. नाम तो हर कैंप में अलग लिख देते हैं. नंबर से चलो."

नंबर म्हणजे आमच्या दवाखान्याच्या कार्डाचा. सोळा आकडी. पहिले पंधरा आकडे घराचे, सोळावा त्या घरातल्या माणसाचा. हे मला माहीत होतं. नीट लक्षात ठेवा — मला माहीत होतं.

चौबे कॉलनीतल्या क्लासात मी कंडिशनल फॉरमॅटिंग, म्हणजे अट लागू पडली की ओळ आपोआप रंगवणं, शिकले होते. सरांनी शिकवलं त्याच्या दोन पावलं पुढं स्वतःच गेले होते आणि त्याचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू! काउंटइफचं सूत्र लिहायचं. सुरुवातीचा खण डॉलरच्या चिन्हानं खिळून ठेवायचा, शेवटचा मोकळा सोडायचा. मग सूत्र एकेक ओळ खाली उतरतं आणि प्रत्येक नंबराला विचारतं : तू वर कुठे येऊन गेलास का? गेला असेल तर ती ओळ लाल. म्हणजे पहिला पांढराच राहतो आणि त्याच्या मागून आलेला लाल होतो. यादी मी नंबराच्या क्रमाने लावली. स्क्रीन लहान, म्हणून नावाचा रकाना लपवून टाकला. एंटर दाबलं. चाळीसेक ओळी लाल झाल्या. रंगावर फिल्टर लावला, सगळ्या धरल्या आणि काढून टाकल्या.

पाच मिनिटंही लागली नाहीत. साहेबांनी चार जणांना बोलावून माझी स्क्रीन दाखवली. दवाखान्यात मला "डुप्लिकेट मैडम" म्हणून चिडवायला लागले. मी रागावल्यासारखं करायचे. मला आवडायचं ते.

आता त्या दोघींबद्दल सांगायला हवं. इथून पुढे मला जरा थांबत थांबत लिहावं लागेल.

पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीत, समोरच्याच घरात, सुशीलाकाकू आणि मंदाकाकू राहायच्या. सख्ख्या जावा. दोघींचे नवरे माझ्या वडिलांसारखेच नागपूरकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आलेले, आणि दोघेही गेलेले. पस्तीस वर्षं एका चुलीवर जेवलेल्या बायका. सुशीलाकाकू थोरल्या, जरा करड्या. मंदाकाकू त्यांना "बाई" म्हणायच्या आणि त्यांच्या आधी ताटावर बसायच्या नाहीत. साड्यांना फॉल-पिको करून द्यायच्या. माझ्या लग्नातल्या सगळ्या साड्यांचे फॉल त्यांच्या हातचे.

गल्लीत शिबिर लागलं तेव्हा दोघींना मीच पाठवलं होतं. दोघींनाही मोतीबिंदू निघाला. मंदाकाकूंचा जास्त. डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, उजवा पिकलाय, उशीर करू नका.

महिन्याभरात सुशीलाकाकूंना बोलावणं आलं. काळा चष्मा लावून घरी आल्या. मंदाकाकूंना बोलावणं आलं नाही. दुसरा महिना गेला, तिसरा गेला. ओळखीचा फायदा घेते असं वाटायला नको म्हणून त्या बिचाऱ्या मला विचारतही नव्हत्या. शेवटी एकदा साडी द्यायला आल्या आणि दारातच म्हणाल्या, "मायं नाव काहून नाई आलं वं अजून? पाहून देशील का जरा?"

"उद्या पाहते काकू," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चालू यादी पाहिली. त्यात त्या नव्हत्या. मग जुनी प्रत उघडली, लाल ओळींची. मी प्रत्येक फाइलची प्रत ठेवायचे — नीटनेटकी ना मी! लपवलेला नावाचा रकाना उघडला. सुशीला, पांढरी. खाली मंदा, लाल. दोघींचे नंबर एकाखाली एक. पंधरा आकडे सारखे. सोळावा वेगळा.

एक्सेलला पंधरा आकड्यांपलीकडे मोजता येत नाही. नंबर मजकूर म्हणून लिहिलेला असला तरी काउंटइफ त्याला आकडाच समजतं आणि सोळावा आकडा सोडून देतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तेवढी चूक माझी नव्हे, असं मी कितीदा स्वतःला सांगितलंय! पण ते तुम्हाला सांगून काय उपयोग? कबुली त्याची नाहीच. नाव उघडून वाचलं असतं तर पाच वर्षांच्या पोरालाही दिसलं असतं की सुशीला आणि मंदा ही दोन माणसं आहेत.

सूत्राने माणसं मोजलीच नव्हती, घरं मोजली होती. ज्या घरातून दोघं आले, त्यातला मागचा मी पुसून टाकला होता.

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती, हे सांगायलाच हवं. ऑपरेशनं चालूच होती, फक्त चालू यादीत नाव घालायला साहेबांची सही लागायची. साहेबांची केबिन माझ्या खुर्चीपासून दहा-बारा पावलांवर. जायचं आणि म्हणायचं, सर, गलती हो गई, ये लोग डुप्लिकेट नहीं हैं. एवढंच. मंदाकाकूंचा डोळा त्या एका वाक्यावर अडला होता आणि ते मला कळत होतं. त्याच आठवड्यात माझं कंत्राट वाढवायचा कागद साहेबांच्या टेबलावर होता. मी खुर्चीतून उठले — आणि पाणी पिऊन परत येऊन बसले.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. दोघी सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. काय सांगायचं ते वाटेत ठरवलं नव्हतं. खोटं इतकं सहज तोंडात आलं की मीच चकित झाले.

"काकू, दवाखान्याचा नियम आहे. एका घरातून एकालाच घेतात."

सुशीलाकाकूंचा हात सुपात थांबला. मंदाकाकू "असं काय" एवढंच म्हणाल्या. मग थोरल्या हळूच बोलल्या, "मले त कोणी सांगतलं नाई." माझा चहा ठेवायला उठल्या त्या मंदाकाकूच.

माझ्या मनात काय होतं माहितीये? हिवाळ्यात पुढचं शिबिर आहे, त्यात काकूंचं नाव सगळ्यात वर घालू, झालं. आणि घातलंही मी. "नियम बदलला काकू," म्हणून सांगून आले. त्या किती खूश झाल्या! पण मधले सहा महिने डोळा थांबतो का कुणासाठी? उजव्यात काचबिंदू झाला होता, आतला दाब वाढून नस सुकली होती. डाव्याचं ऑपरेशन चांगलं झालं. उजवा कायमचा गेला. नंतर कित्येक दिवस त्या चहा ओतायच्या तो कपाच्या बाहेर, बशीत.

आणि त्या सहा महिन्यांत त्या घरात जे झालं, ते डोळ्याहून वाईट. मंदाकाकूंना वाटायला लागलं, बाईला नियम ठाऊक होता. ठाऊक असून ती पुढे गेली. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं. पण हिवाळा लागायच्या आत चुली वेगळ्या झाल्या. पस्तीस वर्षांनी. माझ्या खिडकीतून समोर एकाच स्वयंपाकघरात दोन कुकरच्या शिट्ट्या वेगवेगळ्या वेळी ऐकू यायच्या. मी ऐकायचे आणि भाजी चिरायचे.

मग सांगितलं का नाही? रोज सांगता आलं असतं. रोज सकाळी गल्ली ओलांडली की त्यांचं दार.

बाकीच्यांचंही सांगून टाकते. त्या चाळीस ओळींत काही खरंच दोनदा आलेले असतील. काही नसतील. कोण कोण होते? मला माहीत नाही. मंदाकाकूंच्या नावाशी थांबले आणि पुढच्या नावांकडे नजर जाऊ दिली नाही. नाव वाचलं असतं तर माणूस झाला असता ना! उजवा डोळा गेल्याचं कळलं त्याच दिवशी ती प्रत मी डिलीट केली. मग रिसायकल बिनमधूनही काढली. सूत्र सुधारून घेतलं. पुढच्या याद्या अगदी बरोबर निघाल्या आणि माझं कंत्राट तेव्हापासून दरवर्षी वाढतंय.

इथे थांबले असते तर चाललं असतं. पण जे सांगायला बसले ते अजून आलंच नाही.

सुशीलाकाकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. किडन्या निकामी झाल्या होत्या, मोठ्या दवाखान्याने घरी पाठवलं होतं. एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. खाटेवर पडून होत्या. पलीकडे मंदाकाकू स्वतःच्या चुलीपाशी, मध्ये एक पडदा. त्यांनी माझं मनगट धरलं. पकड कसली, नुसती बोटं टेकलेली.

"तू त्या आफिसातली हायस," म्हणाल्या. "तू सांग तिले. मले नियम माहीत नव्हता वं. माहीत असता त मी मांगं सरली असती. तिचा डोळा जास्त पिकला होता. सहा वर्षं झाली, मी तिचा डोळा घेऊन फिरून राहिली."

माझ्याकडे एक वाक्य होतं. त्या वाक्याने ती बाई मोकळी होऊन गेली असती. पडदा मध्ये होता, मंदाकाकूंनाही ऐकू गेलं असतं. दोघींचं पस्तीस वर्षांचं सगळं परत मिळालं असतं — बदल्यात माझं काय गेलं असतं? नोकरी? तीही बहुधा गेली नसती. त्यांचं माझ्यावरचं प्रेम गेलं असतं. मी ते वाचवलं.

पडदा सारला आणि मंदाकाकूंना म्हटलं, "काकू, त्यांना खरंच नियम माहीत नव्हता. मी सांगते ना."

मरणाऱ्या बाईसमोर मी तेच खोटं पुन्हा बोलले. आणि ते कामी आलं. मंदाकाकूंनी पदराला हात पुसले, खाटेच्या पायथ्याशी येऊन बसल्या आणि जावेचे पाय दाबायला लागल्या. दाबता दाबता म्हणाल्या, "जाऊ द्या बाई. म्या माफ केलं तुमाले."

सुशीलाकाकू रडल्या. इतकं समाधान मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. चार दिवसांनी त्या गेल्या. जो अपराध त्यांनी केलाच नव्हता, त्याची माफी मिळाली म्हणून सुखाने गेल्या.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं होतं. बुद्धवंदना झाली, चार माणसं त्यांच्याबद्दल बोलली. मग कधी चार जणांत तोंड न उघडणाऱ्या मंदाकाकू उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाईचा काई दोष नव्हता, नियमच तसा होता. आमी दोघी शेवटी बोललो, ते या पोट्टीमुळं." आणि माझ्याकडे हात केला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, मी रडतेय. शेजारच्या बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मी तो फिरवू दिला.

मंदाकाकू आहेत. सकाळी ओट्यावर ऊन खात बसतात, एकट्या. मी ऑफिसला निघते. त्यांच्या डावीकडून गेले तर त्या ओळखतात, हसतात, "डबा घेतला का वं?" विचारतात. बहुतेक वेळा मी उजवीकडून जाते. तिकडून मी त्यांना दिसत नाही.